चारी कोपऱ्यांचा उजेड

वरवंडच्या पुढं, हायवे सोडून आत दोनेक मैलांवर आमची वस्ती. वस्ती म्हणजे काय, तर आमचं एक घर, एक गोठा आणि तिन्ही बाजूंनी ऊस. वडलांना आम्ही आबा म्हणायचो. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं आणि कॅनॉलचं पाणी आलं तेव्हा कुठं ते एका जागी बसले. मी कुरकुंभला एका केमिकल कंपनीत इलेक्ट्रिशियन होतो. तीन पाळ्या. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आबा, आई आणि माझी बायको, एवढीच माणसं.

ती लोडशेडिंगची वर्षं. दोन हजार साल नुकतंच मागं पडलं होतं आणि आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या सुरू झाल्या होत्या. कुणाची मोटर गेली, कुणाच्या शेळ्या गेल्या, इथवर ठीक होतं. पण पलीकडच्या शिवारात एका म्हातारीला मारून तिच्या कानातलं ओरबाडून नेलं आणि माझी झोपच उडाली. पाळीवर असलो की जीव घरी, आणि घरी आलो की डोळे मिटत नसत. कामात चुका व्हायला लागल्या. घरात तर मी नुसता खेकसत असायचो.

कंपनीच्या गेटवर त्याच सुमाराला कॅमेरे बसले होते. तिथला सिक्युरिटी ऑफिसर म्हणजे रिटायर झालेला फौजी, उत्तरेकडचा. त्याला मी घरची हकिगत सांगितली. त्यानं एका रद्दी कागदाच्या पाठीवर घराचा चौकोन काढला, कोपऱ्यांवर फुल्या मारल्या आणि म्हणाला, "एक भी कोना अंधेरे में नहीं रहना चाहिए." चोर पुढून येत नाही, मागून येतो, म्हणून घरामागची झाडी आधी साफ करायची. मग चारी कोपऱ्यांवर फोकस लावायचे. आणि पैसे जमले की मागच्या कोपऱ्यावर एक कॅमेरा, त्याचं चित्र घरातल्या टीव्हीवर. तो कागद मी घडी करून खिशात ठेवला. कित्येक दिवसांनी कुणीतरी माझं ओझं उचलल्यासारखं वाटलं.

उजेड हे तर माझं रोजचं काम. सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन मी घराला फेऱ्या मारल्या. कुठल्या फोकसचा उजेड कुठवर पडतो, कुठं सावली राहते, सगळं बघितलं. घरामागच्या बांधावर घाणेरी आणि वेड्या बाभळी माजल्या होत्या. त्या मी एका दिवसात तोडून काढल्या. आई मागच्या दारात उभी राहून बघत होती. सगळंच कशाला तोडतोस, थोडं ऱ्हाऊ दे, असं ती एकदाच म्हणाली. मी म्हणालो, आई, तुला यातलं कळत नाही. ती आत गेली.

चार फोकस लागले आणि घराभोवती उसाच्या कडेपर्यंत लख्ख झालं. आबा तर हरखूनच गेले. रस्त्यानं जाणारा माणूस थांबवून दाखवायचे. सुई पडली तरी सापडंल, म्हणायचे.

आता यात खुपणारं काय होतं? काही नाही. म्हणजे मला तरी काही दिसलं नाही. एकदा रात्रपाळी करून पहाटे आलो तर मागचे दोन्ही फोकस बंद. माझं डोकंच फिरलं. आबांच्या देखत बायकोला नाही नाही ते बोललो. मी तिकडं जीव टांगणीला लावून बसायचं आणि तुम्ही बटणं बंद करून झोपायचं का, असं सगळं. चुकून दाबलं गेलं असंल, एवढंच ती म्हणाली. मी त्याच दिवशी चारही बटणं मागच्या दाराजवळनं काढून ओसरीत आबांच्या खाटेच्या डोक्याशी बसवली आणि कुणी हात लावायचा नाही म्हणून ताकीद दिली.

लोडशेडिंगचं टायमटेबल दर थोड्या दिवसांनी बदलायचं. आई मला सारखी विचारायची, पहाटं लाइट कवा जाणार हाय, सांजंला कवा जाणार हाय. मी वैतागायचो. तुला काय गिरणी चालवायचीय का, असंही एकदा म्हणालो. पण तिच्या विचारण्यानं माझ्या डोक्यात भलतंच आलं. लाइट जाते तेवढा वेळ घर पुन्हा अंधारात. चोराला हेच तर पाहिजे. मग मी एक मोठी बॅटरी आणि इन्व्हर्टर आणला. लाइट गेली तरी मागचे दोन दिवे चालू. त्या दिवशी मला पहिल्यांदा गाढ झोप लागली.

पुढं सहाएक महिन्यांनी आई आजारी पडली. थंडी वाजून ताप, कंबरेत कळा. वरवंडच्या डॉक्टरच्या गोळ्यांनी चार दिवस बरं वाटायचं, पुन्हा तेच. शेवटी तिला दौंडला मोठ्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी तपासण्या केल्या. लघवीत इन्फेक्शन, ते वर चढलेलं, एक मूत्रपिंड जवळजवळ निकामी. पाणी किती पिता, असं त्यांनी आईला विचारलं. ती म्हणाली, पिते की.

आईला सलाईन लावलं आणि मी नि बायको बाहेर बाकड्यावर येऊन बसलो. मी दोन पाळ्या सलग करून आलो होतो. डोळे चुरचुरत होते. बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली होती. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अवो, दिस कलला की आत्या पाण्याचा थेंब घेत न्हाईत."

"कवापासनं?"

"तुमी बॅटरी लावली तवापासनं."

मला तरीही कळलं नाही. इतका शहाणा मी. मग तिनं सगळं सांगितलं. आमच्याकडं संडास नव्हता. घराजवळ घाण नको म्हणून आबांनी तो कधी होऊ दिला नाही, आणि आम्हा बापलेकांना कधी अडलंही नाही. बायका अंधार पडला की नाहीतर पहाटे बांधाकडं जायच्या. मी आडोसा तोडला आणि वर दिवे लावले. म्हणून एकदा तिनं बटण दाबलं. नंतर त्या दोघी लाइट जायची वाट बघत बसायच्या. आईला टायमटेबल तोंडपाठ होतं. मग मी तेही बंद केलं.

"उसात जायचं न्हाई का मग?" मी विचारलं.

"तिथं चोर असतील, ह्ये तुमीच सांगितलंय."

"आन् तू?"

"मी बी कमीच पिते. मी तरणी हाय, निभतंय." मग म्हणाली, "आता क्यामेरा लावणार म्हणताय. ओसरीत टीव्हीवर आबांनी काय बघायचं?"

मला तिथं रडू आलं. शेजारी पेशंट बसलेले, कुणाचं भान राहिलं नाही. तिला का सांगितलं नाहीस, असं विचारायचं तोंड मला नव्हतं. एकदा तिनं बटण दाबलं तेव्हा मी काय केलं ते दोघांनाही माहीत होतं.

घरी येऊन मी मागचे दोन्ही फोकस उतरवले. आबांना जे होतं ते सांगितलं. मला तरी कुठं ठावं व्हतं, एवढंच ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः कुदळ घेऊन गोठ्यामागं खड्ड्याची जागा आखायला लागले. महिन्याभरात संडास झाला. आत दिवा, दाराला कडी. कॅमेरा काही आम्ही आणला नाही. चोरही आला नाही.

आई त्यानंतर चार वर्षं जगली. डॉक्टरांनी बजावलं होतं, पाणी भरपूर, संध्याकाळीसुद्धा. सेकंड शिफ्ट नसली की मी दिवेलागणीला भरला तांब्या घेऊन तिच्यापाशी बसायचो. आई, आता संडास हाय, पी की, म्हणायचो. ती तांब्या हातात घ्यायची. ओठांपर्यंत न्यायची आणि खाली ठेवायची.

"दिस मावळला की तहानच लागत न्हाई रं आता," ती म्हणायची आणि तांब्या माझ्याकडं सरकवायची. "तूच पी. पाळीवरनं दमून आलायस."