वराचं गाव

आमच्या अकोल्याच्या ऑफिसात कोपऱ्यात एक म्हातारा संगणक होता. त्याच्यावर चहाचा कप ठेवायचा नाही, त्याची वायर हलवायची नाही आणि तो बंद तर मुळीच करायचा नाही, असा दंडक होता. कारण वऱ्हाडातल्या निम्म्या गुरुजींचे लग्नमुहूर्त त्याच्या पोटातून निघत. तो रुसला की गुरुजींचे फोन सुरू व्हायचे.

त्याच्या पोटात मुहूर्त काढणारा जो कॉम्पोनेंट, म्हणजे प्रोग्रामचा तुकडा, बसवला होता, तो माझ्याच शाळेतल्या गणिताच्या सरांनी वीसेक वर्षांपूर्वी लिहिला होता. सर भिक्षुकाच्या घरातले, त्यामुळे पंचांग तोंडपाठ. आणि संगणक ते पन्नाशीनंतर हट्टाने शिकले होते. पिठाच्या गिरणीसारखं ते काम होतं. वरून लग्नाची तारीख, लग्नाचं गाव आणि वराचं गाव टाकायचं, खालून मुहूर्त. आतलं जातं कुणी पाहिलं नव्हतं, कारण मूळ कोड ज्या डिस्कवर होता ती केव्हाच जळाली होती.

हे सगळं मोडीत काढून वेब सर्व्हिस लिहायचं काम माझ्याकडे आलं. म्हणजे गुरुजी धारणीत असोत की सेमाडोहला, रेंज असली की मोबाइलवरून विचारतील आणि उत्तर हजर. एका संगणकाची मिनतवारी नको. मी कामाला लागले आणि पहिल्याच दिवशी मला हसू आलं. मुहूर्त काढायला वराचं गाव कशाला हवं? नवरदेव अंजनगावचा आहे की अचलपूरचा, याचं आकाशातल्या ग्रहांना काय पडलंय? मी ती माहिती घेणंच बंद केलं.

नव्या-जुन्याची उत्तरं ताडून पाहिली तर जुना कॉम्पोनेंट सगळीकडे लवकरची वेळ सांगत होता. कुठे अठ्ठेचाळीस मिनिटं लवकर, कुठे बहात्तर, कुठे चक्क दोन तास. चोवीस मिनिटांची एक घटका होते, तेव्हा सर घटकांच्या हिशेबात घसरले असणार. छापील पंचांग उघडलं, तर नवं बरोबर आणि जुनं चूक. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! ज्या सरांनी मला नववीत चाळीस मार्कांवर आणून ठेवलं होतं, त्यांची चूक मी पकडली होती. सरांचं घर अमरावतीला आमच्याच गल्लीत. रोज अकोल्याची बस पकडायला मी त्यांच्या फाटकावरूनच जायची. पण विचारायचं काय त्यात? पुरावा माझ्या हातात होता.

त्याच महिन्यात धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. नवरदेव धारणीचा, लग्न अमरावतीत. आईने एकच अट घातली होती, की मुहूर्त हुकता कामा नये. त्यालाही कारण होतं. नऊ वर्षांपूर्वी माझ्या लग्नाची वेळ पत्रिकेत दहा वीसची होती आणि अंजनगाव सुर्जीहून वरात नाचत नाचत आली सव्वा अकराला. तेव्हापासून माझं नि नवऱ्याचं वाजलं, त्याची बदली रखडली, मला साधी सर्दी झाली, तरी आईचं एकच, "मुहूर्त हुकला होता नं वं तुहा. माह्याच डोयादेखत हुकला." ती हे हसत म्हणायची नाही. नुसती वाट बघत का बसलो, मारुतीच्या देवळापाशी नाचत थांबलेल्या वरातीला आणायला माणूस का नाही पाठवला, हे तिच्या मनात सलत असायचं.

"या टायमाले पक्की वेळ काहाडजो," ती मला म्हणाली. मी माझ्या नव्या सर्व्हिसला विचारलं. बारा वाजून नऊ मिनिटं. तीच वेळ पत्रिकेवर छापली आणि एक पत्रिका सरांकडे स्वतः नेऊन दिली, जरा जास्तच ताठ मानेने. सरांनी चष्मा वर करून ती दोनदा वाचली. "धारणीचा हाये जावई?" एवढंच विचारलं.

लग्नाच्या दिवशी साडेअकराला मांडवात वराकडचं चिटपाखरू नव्हतं. मेळघाटातला घाट, तो रस्ता, चार जीपा. आई मांडवाच्या तोंडाशी उभी, पदराचं टोक मुठीत. ती माझ्याकडे बघतही नव्हती. बारा वाजायला दहा मिनिटं असताना धुळीने माखलेल्या जीपा आल्या आणि वरबाप उतरल्या उतरल्या हात जोडून म्हणाले, "माफ करजा जी, मुहूर्त गेला. दहा नऊचा होता, आमाले घाटातच दहा वाजले."

दहा नऊ? मला काही कळेना. गुरुजींनी मात्र घड्याळ पाहिलं, अंतरपाट धरायला लावला, आणि बारा नऊला अक्षता पडल्या. मला पत्रिका वाचून सरांनी विचारलेला प्रश्न आठवला, आणि मी गर्दीतून वाट काढत पंगतीत बसलेल्या सरांना गाठलं.

"मीच फोन केला होता त्याईले," सर जिलबी मोडत म्हणाले. "म्हटलं पत्रिकेत छापाची चूक झाली, दहा नऊले या. धारणीवाल्याले पाच घटका आधीची वेळ सांगा लागते. अंजनगावले तीन. अन् गावातल्या गावात वरात असन तं चार."

"गावातल्या गावात चार?"

"घर जवळ असलं की मानूस निघतच नाही."

म्हणजे वराचं गाव त्यासाठी होतं! वीस वर्षं गुरुजी 'उशीर झाला, उशीर झाला' म्हणत मंगलाष्टकं उरकत होते आणि नेमकी खरी वेळ गाठत होते. "सर, मला आधी का नाही सांगितलं?"

"सांगतलं असतं तं तू मलेच पंचांग उघडून दाखवलं असतं. वीस वर्सात कोनी इचारलं नाही बाप्पा, वराचं गाव कायले म्हून."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रोज त्यांच्या फाटकावरून जात होते मी. पुढचे चार रविवार त्यांच्या ओट्यावर बसून एकेका गावाच्या घटका लिहून घेतल्या आणि वराचं गाव सर्व्हिसमध्ये परत आणलं.

पण त्याआधी, लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी, एक काम केलं. माझ्या स्वतःच्या लग्नाची तारीख सर्व्हिसला दिली. उत्तर आलं अकरा बत्तीस. मग कपाटातून लग्नाची सीडी काढली. अंतरपाट खाली येतो त्या क्षणी चित्रणाच्या कोपऱ्यात उमटलेली वेळ अकरा बत्तीस होती. आईला बोलावलं, चित्र तिथेच थांबवून तिला दाखवलं आणि सरांची करामत समजावून सांगितली.

तिने त्या आकड्यांवर बोट ठेवलं. "म्हंजे नव्हता हुकला?" तिने दोनदा विचारलं. पदराने डोळे पुसले. नऊ वर्षांचं ओझं उतरताना मी पाहत होते. मग तिने माझ्याकडे नीट वळून पाहिलं.

"मंग तुमी दोघं भांडता काहून वं?"