टपावरची सायकल

महानंदा सिस्टर एसटीत बसण्याआधी टपावर चढत असत. पांढऱ्या पातळाचा पदर कमरेला खोचायचा, गाडीच्या मागची शिडी चढायची आणि खालून हमालाने वर दिलेली सायकल स्वतःच्या हाताने कठड्याला बांधायची. गाठ ओढून बघायची, मगच खाली उतरायचं. लातूरच्या स्टँडवर लोक चहाचा कप हातात तसाच धरून बघत राहायचे.

त्या मूळच्या उदगीरच्या. घरात कानडी, दवाखान्यात मराठी आणि भांडताना दोन्ही. आमचं आरोग्य केंद्र निलंग्याच्या रस्त्यावर एका गावात होतं, मी तिथे कंपाउंडर. सिस्टरांच्या वाट्याला आलेल्या वाड्या डांबरी रस्त्यापासून दूर आत होत्या. एसटी तिकडे जात नसे. म्हणून सायकल टपावर टाकायची, फाट्यावर उतरवायची आणि पुढे पायडल मारत निघायचं.

"बाई, ही गाडी माणसांसाठी हाय," एकदा एक कंडक्टर म्हणाला.

"सायकल माणसाचीच हाय की," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "सामानाचं तिकीट फाडा अन् घंटी मारा. लोकं खोळंबून राहिले."

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. कचेऱ्यांच्या पाट्या नव्याने रंगत होत्या. रस्त्यात कुणीही भेटलं की 'आता आपला जिल्हा' याच गप्पा. आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला. विहिरींच्या तळाचं गढूळ पाणी पिऊन सिस्टरांच्या वाड्यांतल्या टाकळवाडीत हगवण-उलट्यांची साथ आली. केंद्राचे डॉक्टर तिथल्या शाळेतच ठाण मांडून बसले. सलाईन संपत आलं तेव्हा त्यांनी आम्हा दोघांना लातूरला धाडलं.

त्या वेळी सलाईनच्या बाटल्या काचेच्या असत. पेंढा भरलेलं खोकं मांडीवर घेऊन मी परतीच्या गाडीत बसलो. सायकल नेहमीप्रमाणे वर होती.

अर्ध्या वाटेवर गाडी थांबली. समोर रस्ताभर दगड, दगडांमागे रिकाम्या घागरींची रांग आणि घागरींमागे भर उन्हात बसलेलं अख्खं गाव. टँकर आला नव्हता. तो येईपर्यंत एकही गाडी जाऊ द्यायची नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. मी खोकं घट्ट धरलं. सिस्टर खाली उतरल्या, मागोमाग मी.

रांगेत सगळ्यांत पुढे एक म्हातारी होती. तिने विचारलं, "कुठं निघालीस गं माय?"

"टाकळवाडीला. लेकरं लई आजारी हायत. ह्या खोक्यात त्यांचं औषध हाय."

"गाडी सोडणार न्हाई आम्ही."

"नका सोडू. पाण्यासाठी बसलाव, बसायलाच पाहिजे. मला फक्त माझी सायकल तेवढी पलीकडं न्यायची हाय."

म्हातारी उठली आणि तिने आपली घागर बाजूला सरकवली. लगेच दोन गडी टपावर चढले, कंडक्टरही चढला. दोर सुटला. सायकल खाली आली ती जमिनीला टेकलीच नाही. या हातातून त्या हातात, बायकांच्या डोक्यांवरून, दगडांवरून ती पलीकडे निघाली. खोकं छातीशी धरून मी मागून चाललो होतो.

पलीकडे पोचल्यावर खरी अडचण निघाली. मला सायकल चालवता येत नव्हती.

"बसा मागं," सिस्टर म्हणाल्या.

"तुमच्या मागं? लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोडा, खोकं धरा."

मी कॅरिअरवर बसलो. मागून कुणीतरी ढकललं आणि आम्ही सुटलो. थोडं डांबर, मग फाटा, मग गाडीवाट. चाकोऱ्यांतून सायकल उड्या मारत होती, बाटल्या किणकिणत होत्या, समोर सिस्टरांची पाठ घामाने भिजली होती. कोरड्या नदीच्या उतारावर मी म्हणालो, "उतरतो मी."

"हलू नका," त्या ओरडल्या, आणि ब्रेक दाबत, पाय घासत त्यांनी ती सायकल वाळूपर्यंत नेली. वाळूतून आम्ही पळतच गेलो. मला भीती वाटत होती, तरी हसूही येत होतं. तसं धावणं मी पुन्हा कधी धावलो नाही.

शाळेत पोचलो तेव्हा एकही बाटली फुटली नव्हती. दाराजवळ गोदावरी नावाची चिमुरडी निपचित पडली होती, डोळे खोल गेलेले. सिस्टरांनी हातही न पुसता आधी तिची शीर शोधली. बऱ्याच वेळाने त्या पोरीने तोंड उघडलं आणि भोकाड पसरलं. तिची आई घाबरली.

"रडू दे तिला," सिस्टर म्हणाल्या. "रडायला बळ लागतं." मग त्या भिंतीला टेकून बसल्या. टाकळवाडीची सगळी लेकरं त्या साथीतून उठली.

पुढच्या वर्षी सिस्टरांची बदली कंधारला झाली. मी स्टँडवर पोचवायला गेलो. सायकल बांधून त्या खिडकीशी बसल्या आणि सांगू लागल्या, कुणाची लस टोचायची राहिलीय, कोणती बाळंतीण अशक्त आहे. गाडी हलली तरी त्यांचं चालूच होतं. मी खिडकीबरोबर पळू लागलो. "अन् राजूबाईला म्हणावं…" एवढं ऐकू आलं, आणि गाडी वळणाआड गेली.

राजूबाई त्या अशक्त बाळंतिणींपैकीच एक; तिला काय सांगायचं होतं ते मला कळलंच नाही. मग मीच तिच्या वाडीला गेलो आणि तिला विचारलं, "कशी आहे तब्येत?"