शेठ, आधी तुमच्या आईला बसवा!

हसा, पण चहा सांभाळून हसा. ठसका लागला तर मी नाही पाठ चोळणार! आपली अक्कल एकदा कशी उताराला लागली, ते आज सांगूनच टाकते. साळा माझी दुसरीपर्यंत, पण तोंड मॅट्रिक पास. तेच तोंड ऐन वेळेला नापास झालं बघा.

मोठी लढाई नुकती सरली होती. लष्करानं वापरून सोडलेल्या मोटरी शेठलोक घेत आणि पुढं विकत. आमच्या भिकाच्या, म्हणजे माझ्या थोरल्याच्या, डोक्यात भरलं की आपण एक घ्यायची. लहानशी मालमोटर, पुढं तिघं बसतील आणि मागं उघडा हौदा. तापीकाठची आमची टरबुजं बैलगाडीनं ठेसनावर जाईतो निम्मी फुटायची ना!

खांडबाऱ्याच्या एका शेठकडं तशी होती. पण तिच्यापायी घरची बैलजोडी द्यावी लागणार होती. गाडी खोटी निघाली तर नांगराला कोण? मी आणि सून?

म्हटलं, "मी येते पारखायला."

"माय, तू घर ऱ्हाय. तुले मोटरमा काय समजस?"

"अरे, मन्हा बाप सारंगखेडानी जत्रामा घोडा पारखे! चार पाय काय न् चार चाक काय!"

गेलो. शेठनं गाडी धुऊनपुसून उभी केलेली. मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. चाकाला लाथ घातली. दात कुठं असतात ते पाहिलं, पण नव्हते. मग नाकाडावर हात ठेवला. कढत!

हं, म्हटलं, सापडला! बाप सांगायचा, लंगडं घोडं गिऱ्हाईक यायच्या आधी पळवून गरम करतात. मग तासभर ते लंगडत नाही.

आता बापाचा हुकमाचा एक्का. घोडं खोडीचं वाटलं, की तो विकणाऱ्याला म्हणायचा, "तुझ्या आईला बसव याच्यावर." माणूस चाचरला, की समजायचं घोडं खोटं.

तोंडात पदर कोंबून मी हसू दाबलं आणि म्हटलं, "शेठ, आधी तुमच्या आईला बसवा!"

वाटलं, आता याचं तोंड उतरणार. कसलं काय! त्यानं लगेच घराकडं हाक मारली, "माजी! गिऱ्हाईक आलं!"

आणि त्याची आई, सत्तरीची म्हातारी, चपला घालून तयारच! टुणकन चढली. मला म्हणते, "या बाई, माझ्या बाजूला बसा."

आता माघार कशी घेणार? भिकाला ऐटीत म्हटलं, "तू इथंच थांब. लांबून आवाज ऐक." आणि बसले. शेठनं गाडी हाकली.

घोडं पहिली शंभर पावलं नीट चाललं. मग माजी हळूच म्हणाली, "बाई, तो दोर धरा. आता दार उघडेल."

खाडकन उघडलं! मी अर्धी बाहेर!

"डरो मती," माजी म्हणाली. "आता जळका वास येईल."

आला.

"आता पुढून वाफ निघेल. चुलीवर आधण आलं समजायचं."

निघाली. पुढचं काही दिसेना. गेरचा दांडा सारखा सुटत होता, म्हणून शेठनं तो गुडघ्यानं दाबून धरलेला. चाक फिरवलं तरी गाडी जरा विचार करायची, मग वळायची. मी दोर दोन्ही हातांनी आवळलेला, आणि ही बाई शांतपणे वेलदोडा सोलतेय!

"आता नाल्याचा उतार," माजीनं दोन्ही हात जोडले. "इथं ब्रेक लागत नाही. राम राम म्हणायचं."

आई गं! खाली नाला, मधे एक बैलगाडी, आणि शेठ पाय आपटतोय धप धप धप! मी राम म्हटलं, खंडेराव म्हटलं, मेलेल्या सासूलासुद्धा हाका मारल्या! एवढी ओरडले, एवढी ओरडले, की गाडीवानच बैल सोडून पळाला. आम्ही त्याच्या गाडीला चाटून गेलो आणि नाल्याच्या वाळूत रुतलो.

शेठ घाम पुसत म्हणतो, "बघितलं? थांबली की नाही!"

माझ्या तोंडाकडं बघून माजीला कीव आली. "मलाही पहिल्या दोन वेळा भ्या वाटलं, बाई. तुम्ही सातवं गिऱ्हाईक. तुमच्याकडचा जो येतो तो हेच म्हणतो, आईला बसवा. परत गेल्यावर सगळे 'नको' म्हणाले. तुम्हीही म्हणा."

केवढी देवमाणूस! म्हणजे मला फक्त एक शब्द बोलायचा होता. नको.

लोकांनी ढकलून गाडी काढली, आम्ही परत आलो. भिका धावत पुढं.

"कसी शे व माय?"

मी तोंड उघडलं. नुसती हवा! ओरडून ओरडून आवाज पार बसलेला. आणि त्या धक्क्यांनी आणि भीतीनं माझी मान हालतेय. कशी? आडवी हालली असती तर देव पावला असता. खालीवर! खालीवर!

"लेवू का?"

मान खालीवर.

"बैल दी टाकू?"

मान आणखी जोरात!

'थांब रे मेल्या' म्हणून मी हात वर केला, तर त्याला वाटलं आशीर्वाद. वाकून पायाच पडला! शेठनं तेवढ्यात माझ्या तोंडात गुळाचा खडा कोंबला आणि सौदा झाला.

तिसऱ्या दिवशी आवाज फुटला, तेव्हा हार घातलेली गाडी दारात आणि बैल दुसऱ्याच्या गोठ्यात. पहिल्याच खेपेला गाडी टरबुजांसकट चिखलात बसली. ओढायला आमचेच बैल मागून आणले!

तरी भिका गावभर सांगत फिरायचा, "मन्ही मायनी पारख करेल शे!"

मग एक दिवस शेजारचा गोविंदा आला. "काकू, म्हैस घ्यायची आहे. येता का पारखायला?"

मी आधी दोन्ही हातांनी हनुवटी गच्च धरली, आणि मगच त्याला नाही म्हटलं!