सड्यावर सगळेच अहो

शालनकाकू झोपलेल्या नाहीत. तसं त्या स्वतःच सांगतायत, डोळे मिटून. "तुम्ही व्हा पुढं, मी जागीच आहे," आणि हे म्हणता म्हणता मान झाडाच्या खोडाला टेकलीय, तोंड किंचित उघडं पडलंय. दहीभातानं आपलं काम चोख केलंय.

सकाळी एकत्र फिरणारी ही मंडळी राष्ट्रीय उद्यानात दिवसाच्या सहलीला आलीत. डोंगराच्या माथ्यावरचं हे सपाट कातळाचं रान, त्याला सडा म्हणतात. सडा संपतो तिथं एकदम कडा आणि कड्याखाली सगळं कोकण. पहिल्या कड्यापर्यंत काकूंच्या गुडघ्यानं साथ दिली. दुसऱ्याला साफ नकार कळवला.

बाकी सगळी जोडपी. चालायची तऱ्हा मात्र एकच. नवरा पुढं, हात मोकळे, निसर्गावर व्याख्यान चालू. बायको मागं, हातात पाण्याची बाटली, नवऱ्याचा स्वेटर, नवऱ्याची टोपी, नवऱ्याच्या गोळ्या. मधूनच "अहो, जरा सावकाश!" अशी विनवणी, आणि ती ऐकून नवऱ्याचा वेग दुप्पट. काकू सकाळपासून हे बघून गालातल्या गालात हसतायत, कारण त्यांच्या संसाराचा जमाखर्चही असाच होता. महालिंग शेटे, किराणा दुकानदार, जन्मभर त्यांच्या पुढं चालले आणि गेल्या माघात तेवढ्याच घाईनं निघूनही गेले.

खरी पंचाईत इथंच आहे. काकूंना त्यांची पाठ आठवते. मानेवरची वळी आठवते, डाव्या कानामागचा तीळ आठवतो. चेहरा आठवत नाही. भिंतीवर फोटो आहे, नाही असं नाही. पण फोटोवाल्यानं हौसेनं त्यांना कोट-टाय चढवलाय, गाल गोरे केलेत, कपाळाच्या आठ्या इस्त्री करून टाकल्यात. रोज सकाळी काकू कुठल्याशा विमा कंपनीच्या साहेबाला हार घालतात. खरा चेहरा एकदा दिसावा, एवढंच त्यांना हवंय. आणि हे बोलायचीही चोरी. नवऱ्याचं तोंड विसरले, असं कुठली बाई कुणाला सांगेल?

"मी जागीच आहे," त्या पुन्हा म्हणतात.

"मग ऊठ की," पुढून आवाज येतो.

पाठ. पांढरा सदरा, खांद्यापाशी उसवलेला.

काकू उठतात. गुडघा दुखत नाही, त्याची तक्रार झाडाखालीच राहिलीय. गवत कमरेएवढं आहे आणि त्यातून ती पाठ झपाझप चाललीय.

"तो सदरा शिवायचा राहिला बघा."

"राहू दे. वारा बरा लागतो."

"थांबा की. कुठं निघालात?"

"कडा बघायला. पैसे भरलेत ना सहलीचे? मग वसूल नको करायला?"

हे बोलणं त्यांचंच. काकूंना हसूही येतं आणि रडूही. पायाखालचा कातळ गुळगुळीत लागतो, गार लागतो, आणि ती घरच्या स्वयंपाकघरातली फरशी असते. गवतात शेगडी पेटलीय. दूध वर वर येतंय.

"दूध!" काकू म्हणतात.

"जाऊ दे उतू."

चमचाभर साखर सांडली तर दुकान डोक्यावर घेणारा माणूस! काकू घाबरतात. त्या धावतात, ते चालतात, आणि अंतर तेवढंच राहतं. डावीकडून गाठावं तर पाठ डावीकडं येते, उजवीकडून गाठावं तर उजवीकडं.

"जरा इकडं बघा ना."

"आता काय बघायचं राहिलं? तू तीच, मी तोच."

"तुमचं तोंड बघायचंय."

"फोटो आहे की भिंतीवर."

"त्यात तुम्ही नाही."

ते हसतात. खांदे हलतात, मानेवरची वळी हलते. हे हसू काकूंना मागून तोंडपाठ आहे. पुढून ते कसं दिसायचं, मिशी आधी हलायची की डोळे आधी बारीक व्हायचे, काही म्हणजे काही आठवत नाही.

मग न वळताच ते मागं हात करतात. "धर. इथं घसरतं."

चारचौघांत बायकोचा हात धरायचा म्हणजे शेट्यांच्या घरात चोरीतच जमा. पण हात खराच आहे. खरबरीत, गुळाचा वास असलेला. त्यांची बोटं काकूंच्या मनगटाभोवती घट्ट बसतात.

समोर धुकं. सडा संपलाय. पाठ अगदी टोकावर उभी आहे आणि हात लांबत लांबत काकूंपर्यंत आलाय.

"अहो!" काकू ओरडतात.

धुक्यातून सगळे नवरे वळतात. सहलीतले कोरेभाऊजी वळतात, बँकेतले कुलकर्णी वळतात, कधी न पाहिलेले कुणाकुणाचे नवरे वळतात. "काय गं?" "काय झालं?" "गोळ्या कुठायत?" प्रत्येकाचा चेहरा लख्ख दिसतो, नाकावरच्या चष्म्याच्या खुणेसकट. एकच पाठ वळत नाही.

"अहो, तुम्ही नाही! अहो, तुम्ही!"

"इथं सगळेच अहो," पाठ म्हणते. "मला कसं कळावं? नाव घे, म्हणजे वळतो."

नाव! ते तर काकूंनी कधी घेतलंच नाही. दवाखान्यात नर्सनं पेशंटचं नाव विचारलं तेव्हासुद्धा त्या "दुकानदार" म्हणाल्या होत्या. आता तोंड उघडतात तर "म" येतो आणि तिथंच अडकतो. मागं कुणी आहे का, जो हे नाव आपल्या वतीनं घेईल? कुणी नाही.

ते नाव त्यांच्या जिभेला ठाऊक आहे ते फक्त एका जागी, उखाण्यात. लग्नाच्या दिवशी नणंदेनं उंबऱ्यात हात धरून अडवलं होतं, नाव घेतल्याशिवाय सोडत नाही म्हणाली होती, तेव्हा आत्यानं शिकवलेला. पुढं सगळ्या हळदीकुंकवांना त्यांनी तोच चालवला. आता कड्याच्या टोकावर ती चौकटच उभी आहे. तोरण आहे, उंबऱ्यावर माप आहे, आणि पलीकडं नुसता पांढरा धूर.

"वांग्याच्या भरताला..." काकू सुरू करतात.

"अजून भरीतच?" पाठ हसते. "नवीन एकही शिकली नाहीस?"

"...कांद्याची पात..."

खांदा हलतो. वळतोय. कानामागचा तीळ बाजूला सरकतो, कानाची पाळी दिसते, गालावरचे पांढरे खुंट दिसतात.

"...महालिंगरावांचं नाव घेते..."

घेतलं! मिशीचं टोक दिसतं. आता डोळा दिसेल. आता थांबायचं, शालन, इथंच थांबायचं, पुढं एक अक्षर नको. पण जन्मभर एकाच चाकोरीतून गेलेली जीभ ती. उतारावरची गाडी कधी मधेच थांबलीय? काकू दातांनी ओठ दाबतात, आणि दाबलेल्या ओठांतूनच यमक आपलं आपण बाहेर पडतं.

"...सोडा माझा हात."

"बरं," महालिंगराव म्हणतात.

आणि संसारात एकदाही बायकोचं न ऐकलेला तो माणूस लगेच हात सोडतो.

"काकू! अहो काकू! काय तो तिसरा कडा, काय ते कोकण! चुकवलंत बघा!"

ऊन कललंय. समोर विजूताई कोरे, लालबुंद, घामेजलेल्या. मागं कोरेभाऊजी, त्यांचे हात अर्थातच मोकळे.

"झोपेत कुणाला 'हात सोडा' म्हणत होतात?" भाऊजी डोळे मिचकावतात. "आम्ही तर सगळे तिकडं होतो हं!"

"गप्प बसा हो. त्या रडतायत. अहो काकू, पाणी घ्या, पाणी!"

काकूंचं लक्ष आपल्या डाव्या मनगटाकडं आहे. तिथं बोटांचे वळ उठलेत. चार, लालसर, शेजारी शेजारी. आपणच झोपेत आवळलं असणार, दुसरं काय. त्या उजवा हात त्यावर ठेवून बघतात. वळ त्यांच्या बोटांच्या पुढं पेरभर उरतात.

"घ्या ना पाणी."

बाटली समोर आलीय. हात पुढं करावा लागेल. काकू करत नाहीत. त्या मनगट पदराखाली घेतात, मग राहवत नाही म्हणून पदर जरासा उचलून बघतात. करंगळीचा वळ गेलाय. त्याच्या शेजारचाही फिका होत चाललाय.