जयवंतीबाईंनी बोलावलेली बैठक

जयवंती चुरी राहायला निर्मळला, केळीच्या वाडीत. पण सारी नोकरी गोखिवऱ्याच्या एका प्राथमिक शाळेत झाली. शेवटच्या वर्षांत त्यांच्या वर्गात निम्मी मुलं परप्रांतातून आलेल्या कामगारांची असायची. चार-सहा महिन्यांत मराठी बोलू लागायची आणि एक दिवस न सांगता नाहीशी व्हायची. बापाला चाळ बदलावी लागली की शाळा सुटायचीच. निवृत्तीनंतरही हे बाईंच्या डोक्यातून गेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात गोखिवऱ्यातल्या सार्वजनिक नळावर गावकरी आणि चाळीतले कामगार यांच्यात हाणामारी झाली. एका कामगाराच्या बायकोला आठ टाके पडले. तेव्हा बाईंनी ठरवलं, सगळ्यांना एकत्र बसवायचं. दोन महिने त्या स्कूटरवरून फिरल्या. कारखानदार, चाळमालक, गावकरी, पालिकेचे लोक, कुणाला सोडलं नाही.

शेजारचा व्हिव्हियन म्हणाला, "बाई, मालकांना बोलवा. भाडेकरूंना कशाला? त्यांना उद्या तिथेच राहायचंय."

बाईंना तो उगाच घाबरतोय असं वाटलं.

भूपेशला तयार करणं सगळ्यात अवघड गेलं. छत्तीसगडचा हा वेल्डर. त्याची मुलगी उन्नती बाईंच्या शेवटच्या वर्गातली. "मॅडम, मैं पीछे बैठूँगा, बस," एवढंच त्याने कबूल केलं.

बैठकीला समाजमंदिर भरलं. कामगारांनी कसं वागावं यावर तासभर भाषणं झाली. कामगार मागे गप्प बसून होते. शेवटी बाई उठल्या.

"भूपेश, तुम्ही बोला. इथे सगळी आपलीच माणसं आहेत."

तो उठला. चाळीस माणसांना एक संडास. भाडेकरार कुणी करून देत नाही, म्हणून इथला पत्ता नाही. पत्ता नाही म्हणून दाखल्यापासून गॅसपर्यंत सगळं अडतं. मोडक्या मराठीत त्याने सगळं सांगितलं. पहिल्या रांगेत त्याचाच चाळमालक सुधाकर मान हलवत ऐकत होता. तोही बाईंचाच जुना विद्यार्थी. टाळ्या झाल्या. घरी जाताना बाईंना फार दिवसांनी हलकं वाटलं.

चौथ्या दिवशी भूपेशच्या खोलीला सुधाकरचं कुलूप होतं.

बाई तडक सुधाकरच्या ऑफिसात गेल्या. त्याने उठून खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुम्ही त्याला बोल म्हणालात, तो बोलला. मी माझी खोली घेतली. करार नाही, हे त्यानेच सगळ्यांसमोर सांगितलं ना बाई?"

पुढचे आठ दिवस पोलिसांत, पालिकेत, बाई जिथे जिथे गेल्या, तिथे त्यांना एकच प्रश्न आला: करार आहे का?

दुसऱ्या बैठकीची तारीख आधीच ठरली होती. आमंत्रण द्यायला त्या चाळीत गेल्या, तर दारं भराभर लागली. एक बाई आतूनच म्हणाली, "हमारा नाम मत लिखो, मॅडम."

भूपेशचा फोन महिन्याने लागला. तो भिवंडीला होता, एका गोदामात.

"उन्नती शाळेत जाते ना?"

"अभी नहीं. छोटे को सँभालती है."

"माझं चुकलं, भूपेश."

तो म्हणाला, "आपने अच्छे के लिए ही बोला था. बस, ये नंबर किसी को मत देना."

बाईंनी बैठक रद्द केल्याचा निरोप सगळ्यांना पाठवला. फक्त सुधाकरचा फोन आला.

"का हो बाई? इतकं चांगलं चाललं होतं."