माशाच्या तोंडातलं शिसं

लाकडाच्या ठोकळ्याला पुढची बाजू असते, हे मला वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, खैरानच्या एका शॅलेत, म्हणजे समुद्रकाठच्या सुट्टीच्या बंगल्यात, पंचवीस माणसांसमोर कळलं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. कुवेतमधल्या एका क्लिनिकमध्ये दिवसभर लोकांना उभं कसं राहायचं, वजन कुठल्या पायावर टाकायचं हे शिकवते. माझी नऊ वर्षांची मुलगी इरा मुलांच्या एका स्काउट गटात जाते. तिथे दरवर्षी गाड्यांची शर्यत होते. प्रत्येक मुलाला पाइनचा एक ठोकळा, चार चाकं आणि ॲक्सल म्हणून चार खिळे मिळतात. घरी गाडी करायची आणि उतरत्या ट्रॅकवरून सोडायची. इंजिन नाही, ढकलायचं नाही, आणि वजन एकशे बेचाळीस ग्रॅमच्या वर नाही.

आदल्या वर्षीची गाडी माझ्या नवऱ्याने, समीरने केली होती. दिसायला फार देखणी. ती ट्रॅकच्या मध्यावर जाऊन थांबली, आणि गटप्रमुख थॉमस सरांनी ती हाताने उचलून खाली आणून ठेवली. इरा रडली नाही. पण पुढचे दोन शुक्रवार गटाची वेळ झाली की तिच्या पोटात दुखायचं.

"या वर्षी गाडी मी करणार," मी जाहीर केलं.

"तुला ड्रिल चालवता येतं?" समीरने विचारलं.

"गुरुत्वमध्य हा माझा विषय आहे. ड्रिल काय, कोणीही चालवेल."

मी कसून अभ्यास केला. वजन मागे हवं, पण मागच्या चाकांच्या थोडं अलीकडे, म्हणजे ते उतारावर जास्त वेळ उंच राहतं आणि गाडीला शेवटपर्यंत रेटतं. अगदी मागे नेलं तर नाक वर उचललं जातं. पुढचं एक चाक केसभर वर घ्यायचं, म्हणजे तीनच चाकं टेकतात आणि घर्षण कमी होतं. हे सगळं मी समीरला जेवताना समजावलं. (दोन वेळच्या जेवणांना.)

वजनासाठी शिसं हवं होतं. ते आमच्या खालच्या मजल्यावरच्या इब्राहिमभाईंकडे मिळालं. ते मूळचे रत्नागिरीकडचे, इथे मासेमारीच्या सामानाचं दुकान चालवतात. गळाला लावायच्या शिशाच्या गोळ्या त्यांनी माझ्या हातावर ठेवल्या.

"कसला मासा धरताय, ताई?"

"मासा धरत नाही, करतेय. इराला गाडी हामूर माशासारखी हवी."

"मग डोकं कुठं, शेपूट कुठं, ते आधी ठरवा. मग वजन घाला."

"ते ठरलंय हो," मी म्हणाले.

खरंच ठरलं होतं. इराने ठोकळ्याच्या वरच्या बाजूला पेन्सिलने बाण काढून ठेवला होता: हे तोंड. मी भोकं खालून पाडणार होते, म्हणून ठोकळा पालथा केला. तो कुशीवर वळवायला हवा होता. मी डोसा उलटतात तसा उलटला. डोक्याच्या जागी शेपूट आली, शेपटीच्या जागी डोकं, आणि बाण गेला खाली. मग मी अत्यंत अचूकपणे, मिलिमीटर मोजून, सगळं शिसं माशाच्या डोक्यात भरलं. वर लांबी, म्हणजे भोकं बुजवायची पुटी, भरून घासून गुळगुळीत केलं. एक चाक वर घेतलं, तेही शेपटीकडचं. काट्यावर वजन आलं एकशे एकेचाळीस.

दुसऱ्या दिवशी मी ड्यूटीवर असताना इराने बाणाप्रमाणे मासा रंगवला. मोठे डोळे, जाड ओठ, पाठीवर ठिपके.

"इस्त्रीच्या टेबलावरून एकदा सोडून बघू या का?" समीर म्हणाला.

"नको. ॲक्सल खराब होतील," मी म्हणाले. त्या एका वाक्याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारी गटातल्या डाना नावाच्या मुलीच्या शॅलेत शर्यत होती. हॉलभर ट्रॅक मांडला होता, पोरं उड्या मारत होती. सरावाच्या फेरीत गाडी सुटली. पहिल्या उतारावर ती मागे पडली. सपाटीवर तिची शेपटी डावी-उजवीकडे हलायला लागली, मग ट्रॅकच्या मधल्या पट्टीवर आपटली आणि आमचा हामूर ट्रॅक सोडून थेट खाण्याच्या टेबलावरच्या हमसच्या ताटात गेला.

मुलं हसली. इरा हसली नाही. तिने गाडी उचलली, पुसली आणि एका बोटावर तोलून धरली. मासा तोंडावर कलंडला. पुन्हा धरली. पुन्हा तोंडावर.

"आई," ती हळूच म्हणाली, "यू पुट द वेट इन द फेस."

मी घाईघाईने गाडी पालथी केली, सुलटी केली, आणि मला तो डोसा आठवला.

"सुरी आणते. लांबी खरवडून काढू," मी म्हणाले.

"शर्यत दहा मिनिटांत आहे," समीर म्हणाला. त्याने आणखी काही बोलायचं नाही असं मोठ्या प्रयत्नाने ठरवलेलं चेहऱ्यावर दिसत होतं.

इरा तोवर थॉमस सरांपाशी पोचली होती.

"सर, इज देअर अ रूल, विच साइड इज फ्रंट?"

सरांनी नियमांची दोन्ही पानं वाचली. मग चष्मा काढून पुन्हा वाचली. "नहीं है," ते म्हणाले.

इराने गाडी उलटी लावली. शेपटी पुढे, तोंड मागे. हॉलमध्ये पुन्हा हशा पिकला. पण आता वजन मागे होतं, उचललेलं चाक पुढे होतं. खटका पडला आणि मासा असा सुटला की माझ्या तोंडून किंकाळीच फुटली. पहिली फेरी इराची, दुसरीही. मागे पडलेल्या गाड्यांकडे तो मासा डोळे वटारून बघत चालला होता, आणि आता सगळी पोरं "फिश! फिश!" ओरडत होती.

अंतिम फेरीत डानाची गाडी बोटभर अंतराने पुढे गेली. इरा दुसरी आली. तिला त्याचं काही वाटलं नाही. सात-आठ मुली तिला घेरून उभ्या होत्या, आणि ती हातवारे करून सांगत होती, "माय मॉम मेड इट राँग, सो आय ड्रोव्ह इट राँग."

निघताना डानाचे वडील माझ्याकडे आले.

"उम्म इरा," ते आदराने म्हणाले (इथे आईला मुलांच्या नावाने हाक मारतात), "डानाला आता असाच उलटा मासा हवाय. पुढच्या वर्षी तिच्या गाडीत वजन तुम्ही घालाल?"

मी फुलून गेले. "जरूर. पुढच्या वेळी मी आणखी नीट अभ्यास करून—"

त्यांनी छातीवर हात ठेवून मला थांबवलं. "अभ्यास नको. या वेळी जसं केलंत, अगदी तसंच करा."

मी हो म्हणून बसले आहे. पण ठरवून इतकं अचूक चुकायचं कसं, हे मला काही केल्या जमत नाहीये.