जांभळ्या पापलेटाचा पुरावा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा गिरणी कामगारांच्या मोर्चाची पत्रकं आणायचे आणि जेवणं झाली की सगळं घर घड्या घालायला बसायचं. बाबांचा नियम एकच: खाली कुणाचं नाव नसेल, तर ते पत्रक वाटायचं नाही.

हा नियम घेऊन मी दादरच्या एका वर्तमानपत्रात बातमीदार झाले, आणि बातम्या शोधायला मला बसवलं कुठे, तर रील्सच्या समोर. निनावी पत्रकांचा नुसता पूर!

दिवाळीच्या तोंडावर अशीच एक रील आली. नळातून चहासारखं पाणी पडतंय आणि मागून एक बाई मालवणीत कडाडतेय, "बाजूच्या टॉवरवाल्यान खणताना आमची पाइप फोडली! आता पहिली आंघोळ ह्या पाण्यान करू?" खाली फक्त 'लालबाग'. लालबागमध्ये कुठल्या चाळीशेजारी टॉवर नाही? मी रीलवालीला मेसेज केला. उत्तर नाही.

"कुठली चाळ, कधीचा व्हिडिओ, ते संध्याकाळपर्यंत सांग," आमचे चीफ म्हणाले. "नाहीतर त्या जागी चिवड्याची कृती जाईल."

चिवडा! मी चिडून रील परत परत पाहत बसले. आणि कोपऱ्यात, गॅलरीत, मला दिसलं एक जांभळं पापलेट. कंदील!

आमच्या गिरणगावातल्या चाळी सगळ्या खोल्यांना एकसारखे कंदील लावतात. दरवर्षी नवा आकार, तोही मीटिंगमध्ये भांडून ठरलेला. मी मंडळांच्या पोस्ट धुंडाळायला लागले. चांदण्या, विमानं, कमळं... आणि एकदम पापलेटांची रांग! 'यंदाचा आपला कंदील', वर चाळीचं नाव. मी खुर्चीतून अशी उडाले की चीफचा चहा सांडला.

टॅक्सी करून चाळीत पोचले. तो कडाडणारा आवाज जिन्यातच ऐकू आला.

"मावशी, मेसेज केला होता मी. पेपरमधून."

"तो तुझो? माका वाटला फ्रॉड आसा. पेपरवाले इतक्या गोड बोलतत?"

नळ सोडला. पाणी तस्संच, चहा.

"मावशी, बातमीत तुमचं नाव घालू का? विचारल्याशिवाय नाही घालणार."

"घाल. खोलीचो नंबर पण घाल. मी काय भियतंय?"

तिथूनच बिल्डरच्या ऑफिसला फोन लावला.

"मॅडम, तो गेल्या वर्षीचा व्हिडिओ आहे. पाइप केव्हाच दुरुस्त केलाय."

"साहेब, त्यातला कंदील यंदाचा आहे. आणि मी त्याच नळापाशी उभी आहे. बादली वाजवून दाखवू?"

मावशींनी माझ्या आधीच बादली वाजवली. पलीकडे साहेबांनी कुणाला तरी हाक मारली. मग, "माणसं पाठवतो."

बातमी पहिल्या पानावर गेली, चिवडा आत. दुसऱ्या दिवशी बिल्डरची माणसं पाइप घेऊन हजर झाली. चाळीतल्या बायका काम संपेपर्यंत त्यांच्या डोक्यावर उभ्या होत्या.

पहिल्या आंघोळीच्या पहाटे मावशींचा व्हॉइस मेसेज आला. आधी नुसतं पाणी, तांब्यावर तांबे. मग त्या ओरडल्या, "गो बाय, आयकतंस मां? नितळ आसा!" आणि शेवटी, मला ओळख पटावी म्हणून, स्वतःचं पूर्ण नाव आणि खोलीचा नंबर.

मी तो लगेच बाबांना ऐकवला. ते उटणं लावत होते. म्हणाले, "हे वाट."